काचेची बेंबी

गुणवंतराव आमच्याकडे चहा प्यायले की रिकामा ग्लास उपडा करतात, त्याच्या बुडावरून अंगठा फिरवतात, खिडकीकडे धरून एक डोळा मिटतात आणि खिन्नपणे म्हणतात, "नाही. याले बेंबी नाही."

माझी बायको लग्न होऊन नवीन आली होती तेव्हा तिनं हे पहिल्यांदा ऐकलं. पदर सावरत ती आत गेली ती गुणवंतराव उठून जाईपर्यंत बाहेर आली नाही. "हा माणूस पुन्हा आला तर मी स्टीलच्या पेल्यात चहा देईन," असं तिनं मला बजावलं, आणि पुढच्या खेपेला दिलाही. गुणवंतरावांनी पेल्याकडे पाहिलं आणि मोकळे होऊन म्हणाले, "हे बरं केलं वैनी. याच्याकडून कायी अपेक्षाच नाही."

खरं तर या बेंबीत लाजण्यासारखं काही नाही. काच हातानं फुंकून करतात तेव्हा कारागीर लांब नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेतो आणि नळीतून फुंकर मारून तो फुगवतो. मग त्याला बुडाशी एक दांडी चिकटवून आकार देतो, आणि शेवटी ती दांडी खट्‌कन तोडतो. तोडल्याची खूण काचेवर राहते. गुणवंतराव तिला बेंबी म्हणतात. "पोराची नाळ कापल्यावर रायते ना, तसी," ते समजावतात. "जिले बेंबी हाय थे काच माणसाच्या फुकीतून जलमली. बाकी मंग कारखान्याची पैदास."

आमच्या मंगरूळपीरच्या चौकात त्यांचं पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर नुसतं 'वायरमन' लिहिलं आहे, पण गावात त्यांना सगळे 'इटलीवाले' म्हणतात. इटलीला ते गेलेले नाहीत. त्यांच्या घरात मात्र इटली टांगलेली आहे.

तरुणपणी ते मुंबईत एका कंत्राटदाराकडे विजेच्या फिटिंगचं काम करायचे. समुद्राकाठच्या एका जुन्या हॉटेलची रंगरंगोटी निघाली आणि मालकाच्या मुलानं जुने दिवे काढून फेकायला सांगितले. त्यात हे झुंबर होतं. पितळेची कडी, तिला फुटलेल्या पितळेच्याच फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला मधाच्या रंगाचं, धोतऱ्याच्या फुलासारखं उमललेलं काचेचं फूल. एकासारखं दुसरं नाही. कुठलं जरा वाकडं, कुठल्याच्या काठाला सुरकुती, कुठल्यात बारीक बुडबुडा अडकलेला. हॉटेलातल्या एका म्हाताऱ्या गोवेकर मिस्त्रीनं त्यांना सांगितलं, हे इटलीतल्या मुरानो बेटावरचं काम आहे, फेकू नको. गुणवंतरावांनी फूल न् फूल गोधडीत गुंडाळलं, पेटी केली, आणि मुंबईची नोकरी सोडून गावी आले. लोक मुंबईहून पैसे, व्यसनं किंवा बायका आणायचे. यांनी झुंबर आणलं.

अकोल्याहून येताना एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, "पेटीत काय हाय?"

"इटली."

"मंग इटलीचं अर्धं तिकीट काढा. मांडीवर घेतली तरी जागा अडवून रायली थे."

ही हकिकत गुणवंतराव स्वतःच सांगतात, आणि प्रत्येक वेळी शेवटी गंभीरपणे पुस्ती जोडतात, "काढलं मी अर्धं तिकीट. हक्काचं होतं तिचं."

हॉटेलाच्या दालनासाठी केलेलं झुंबर टिनाच्या छपराखालच्या खोलीत टांगलं तर काय होईल? ते मधोमध इतकं खाली आलं आहे की त्या घरात कुणी सरळ उभं राहू शकत नाही. आलेला माणूस आधी वाकतो, मग भिंतीला धरून अर्धवर्तुळात फिरतो, आणि कडेच्या बाजेवर जाऊन बसतो. गॅस सिलिंडरवाला दारातूनच परत जातो. एकदा मतं मागायला आलेला उमेदवार वाकून आत आला, आणि गुणवंतरावांना वाटलं की तो पाया पडतो आहे. त्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला. उमेदवार पडला, ती गोष्ट वेगळी.

मी शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे इटलीच्या बाबतीत गुणवंतराव मला आपला माणूस समजतात, म्हणजे माझ्या चुका काढतात. "मास्तर, तुमी पोट्ट्यायले इटली बुटासारकी हाय म्हणून शिकवता. बरोबर हाय. पण त्या बुटाच्या वरच्या काठाले मुरान हाय, थे सांगता का? नाही सांगत. मंग नुसता बूट घेऊन पोट्टे काय करतीन?" मुरानोला ते मुरान म्हणतात. रोज दुपारी दुकानात मोबाइलवर तिथल्या कारागिरांचे व्हिडिओ बघतात. भाषा कळत नाही, पण ऐन फुंकरीच्या वेळी त्यांचेही गाल फुगतात. समोर पंखा घेऊन आलेलं गिऱ्हाईक आदबीनं थांबून राहतं. त्याला वाटतं, दमा असेल.

बेंबीचा शोध त्यांनी कुठेही सोडला नाही. कामरगावला त्यांच्या नात्यातल्या एका म्हातारीची तेरवी होती, मीही गेलो होतो. पंगत बसली होती, बायका आत मुसमुसत होत्या, आणि माजघरातून आरोळी आली, "सापडली! बेंबी सापडली!" सगळे धावले. फळीवरची लोणच्याची जुनी हिरवट बरणी पोटाशी धरून गुणवंतराव उभे होते. मेलेल्या म्हातारीच्या मुलाला त्यांनी मिठी मारली. "तुह्या मायनं काय चीज सांभाळली रे, बाप्पा! तुले ठाऊक तरी होतं काय?" त्या मुलाला हे दुःख की आनंद ते कळेना, पण आईचं इतकं कौतुक दिवसभरात दुसऱ्या कुणी केलं नव्हतं, म्हणून तो रडला.

गावातल्या नव्या उजेडावर त्यांचा मोठा राग. हल्ली आमच्याकडे घर बांधलं की आत पांढरं नक्षीदार छत करतात आणि त्याच्या कडेनं गुलाबी, निळे, हिरवे दिवे सोडतात. वास्तुशांतीला गुणवंतराव हटकून जातात. यजमान अभिमानानं रिमोट दाबतो, छत रंग बदलायला लागतं, आणि जेवणाऱ्यांच्या पानातला भात आधी निळा आणि मग जांभळा होतो. गुणवंतराव शांतपणे विचारतात, "घर हाय का पानठेला?" चौकात उंच खांबावर दिव्यांचा झुबका बसवला तेव्हा हारतुरे, भाषणं, फटाके सगळं झालं. पहिल्याच संध्याकाळी तालुक्यातले यच्चयावत किडे तिथे जमले आणि भजीवाल्यानं गाडा हलवला. "लोकायसाठी नाही जी थो दिवा," गुणवंतराव म्हणाले. "किड्यायचं मतदान जास्त हाय."

याच सुमारास भाऊसाहेबांनी मंगल कार्यालय बांधलं. भाऊसाहेब म्हणजे आमच्याकडचे पुढारी. ते कशाचे पुढारी आहेत हे दर निवडणुकीला बदलतं, पण पुढारी आहेत हे बदलत नाही. कार्यालयाच्या दालनात बैलगाडीच्या चाकाहून मोठं झुंबर लागलं. उद्घाटनाच्या पत्रिकेत लग्नपत्रिकेत वधूवरांची नावं छापतात तेवढ्या मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'अस्सल इटालियन झुंबर'. आता इटलीचा विषय म्हटल्यावर गावात जाणकार एकच. गुणवंतरावांना व्यासपीठावर बसवलं, शाल आणि नारळ दिला, आणि दोन शब्द बोलण्याची विनंती केली.

ते म्हणाले, "आधी पाहून घेतो. शिडी आणा."

शिडी आली. शाल खांद्यावर तशीच ठेवून ते वर चढले. तीनचारशे माणसं माना वर करून बघत होती. त्यांनी एका लोलकावर नख वाजवलं. कान लावला. दुसरा लोलक उलटा केला, अंगठा फिरवला. मग खाली उतरून माइक हातात घेतला.

"झुंबर लय मोठं हाय," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. "उजेड बी भल्ला हाय." पुन्हा टाळ्या. "पण भाऊसाहेब, याले बेंबी नाही. काचच नाही हे. प्लॅस्टिक हाय."

दालनात स्वयंपाकघरातली कढई ऐकू यायला लागली. मला वाटलं, आता भाऊसाहेबांचं तोंड उतरेल. पण ते हसत उठले, गुणवंतरावांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "असू द्या ना मंग! प्लॅस्टिक हाय म्हणून खाली पडलं तरी आपल्या जनतेच्या डोक्याले लागनार नाही. जनतेचा विचार आमी पयले करतो!"

टाळ्यांचा जो कडकडाट झाला तसा मी आमच्या तालुक्यात पुन्हा ऐकला नाही. गुणवंतराव नारळ घेऊन खाली आले आणि माझ्या शेजारी बसले. जिलबी आल्यावर म्हणाले, "मास्तर, सत्य सांगून काय भेटलं? नारळ."

पण भाऊसाहेबांच्या मनात काटा राहिला असावा. त्यानंतर त्यांची माणसं वरचेवर गुणवंतरावांकडे येऊ लागली. झुंबर कार्यालयाला द्या, खाली तुमचं नाव लावू. झुंबर द्या, तुमच्या घरावर स्लॅब टाकून देऊ. गुणवंतरावांनी विचारलं, "स्लॅब टाकल्यावर त्याले टांगू काय? तुमाले?"

मग पुण्याहून एक बाई आल्या. लोकांच्या घरांची सजावट करणं हा त्यांचा व्यवसाय होता. कुणीतरी टाकलेला झुंबराचा फोटो त्यांनी मोबाइलवर पाहिला होता. त्या वाकून आत आल्या आणि तशाच वाकलेल्या अवस्थेत बराच वेळ "वॉव" म्हणत राहिल्या. "काका, हा पीस इथे वाया जातोय. याला स्पेस हवी. याची एक स्टोरी आहे."

"काय स्टोरी हाय?" गुणवंतरावांनी उत्सुकतेनं विचारलं.

बाई जरा गडबडल्या. "म्हणजे... व्हिंटेज आहे."

"बरं. याची बेंबी दाखवा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं. चहा न घेता त्या गेल्या. "गाडी चांगली होती तिची," एवढंच गुणवंतराव म्हणाले.

यानंतर त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला आणि शस्त्रक्रियेसाठी अकोल्याला जावं लागलं. भाचा तिकडे राहतो, त्याच्याकडे आठ दिवस मुक्काम ठरला. जाताना त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. सूचना ऐकताना मला वाटलं, माझ्यावर लहान बाळ सोपवताहेत. रोज धूळ पुसायची. धोतराच्या जुन्या मऊ कापडानं पुसायची. हात कोरडे पाहिजेत. एका वेळी एकच फूल काढायचं, दोन्ही हातांनी धरायचं, आणि तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही.

पाच दिवस मी हे सगळं पाळलं. सहाव्या दिवशी सकाळी फूल हातात असताना खिशातला मोबाइल वाजला. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी सुप्रभात पाठवलं होतं. मी दचकलो आणि फूल फरशीवर पडलं.

पुढे मी जे केलं ते शिक्षकाला शोभणारं नव्हतं. मी तुकडे गोळा करून कागदात बांधले. मागच्या बाजूच्या, भिंतीकडच्या फांदीवरचं एक फूल काढून पुढच्या रिकाम्या फांदीवर चढवलं. म्हणजे उणीव भिंतीकडे गेली, जिथे एक फांदी आधीपासूनच रिकामी होती. लांबून पाहिलं, काही कळत नव्हतं. वर्गात कॉपी करणाऱ्या पोरांना मी इतकी वर्षं मारत आलो, आणि माझी कॉपी त्यांच्यापेक्षा सफाईदार निघाली.

गुणवंतराव काळा चष्मा लावून परत आले. मी किल्ली दिली, आणि शाळेचं कारण सांगून सटकलो. चार दिवस त्यांच्या दारावरून जायचं टाळलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बेंबीवाली काच फोडली तुम्ही. आता आपण गाव सोडायचं का?" पाचव्या दिवशी मला जेवण जाईना. दुपारी कागदाची पुडी घेऊन मी वाकून त्यांच्या घरात शिरलो, आणि बाजेवर बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

ते चटकन उठले. माझ्या हातातली पुडी त्यांनी बाजूला ठेवली, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हात दाखवा," ते म्हणाले.

"काय?"

"हात दाखवा, मास्तर. काच लागली तं नाही ना तुमाले?"

त्यांनी माझे दोन्ही हात धरून दाराच्या उजेडात नेले, उलटेपालटे करून पाहिले. बोटाला एक बारीक चरा होता, तोही सुकलेला. तो त्यांनी अंगठ्यानं चाचपला. मग बाजेवर बसले.

"हे इचाराले मले अडतीस वर्सं लागले," ते म्हणाले.

गुणवंतरावांची बायको वच्छलाबाई मेडशीला, माहेरी असतात, एवढं आळीला माहीत होतं. कुणी विचारलं तर गुणवंतराव इतक्या सहज सांगायचे, की वाटावं त्यांची तिकडे बदली झाली आहे. त्यापुढे आम्ही कधी विचारलं नव्हतं. त्या दुपारी त्यांनी आपणहून सांगितलं.

झुंबर टांगल्याला वर्ष झालं होतं. दिवाळीची साफसफाई चालली होती. वच्छलाबाई स्टुलावर बसून फुलं पुसत होत्या, आणि एक फूल सुटलं.

"मी दुकानातून आलो तं खाली तुकडे. मी म्हटलं, तुह्या बापानं पायली होती काय अशी काच? लय बोललो. बाप काढला, माय काढली, मेडशी काढली. थे खाली बसून तुकडे येचत रायली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निंघून गेली."

"तुम्ही आणायला गेला नाहीत?"

"मी तुकडे जोडत बसलो होतो. जुळले नाही. पयले राग होता. राग दोनेक वर्स पुरला. मंग लाज लागली. अन् लाज, मास्तर, रागापेक्षा लय टिकते."

त्यांनी पाणी आणून दिलं. मी प्यालो आणि घरी आलो.

पुढच्या रविवारी सकाळी ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आमच्या दारात उभे राहिले. "मेडशीले जाऊ म्हणतो. तुमी चाला. एकटा गेलो तं मी वाशिमच्या स्टँडवरूनच वापस येईन."

गाडीत वाशिमपर्यंत ते अखंड बोलत होते. रस्त्यावरचे सौरदिवे दिवसाढवळ्या जळताहेत, हा कुठला न्याय? ढाब्यावर हिरवी ट्यूब कायले? डोळा नवा झाल्यापासून जगातला सगळा भिकार उजेड दुप्पट भिकार दिसून रायला. वाशिमला गाडी बदलल्यावर त्यांनी एकाही दिव्याला नाव ठेवलं नाही. मालेगाव गेलं. मेडशी जवळ आलं तसे ते मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवायला लागले.

वच्छलाबाई भावाच्या अंगणात लिंबाखाली बसून तूर पाखडत होत्या. केस सगळे पांढरे, चष्मा, ताठ पाठ. आम्हाला पाहून सूप थांबलं. त्या उठल्या नाहीत आणि ओळखलं नाही असंही दाखवलं नाही.

गुणवंतराव त्यांच्यापासून चार हातांवर उभे राहिले. तीनचारशे माणसांसमोर माइक हातात घेणारा हा माणूस सदऱ्याची बटणं चाचपत राहिला. शेवटी म्हणाले, "त्या दिवशी... तुह्या हाताले लागलं होतं काय?"

वच्छलाबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"लागलं होतं," त्या म्हणाल्या. "चार टाके पडले. इथच्या दवाखान्यात."

"मले दिसलं नाही."

"कसं दिसन? तुमी काचाकडे पाहून रायले होते."

गुणवंतरावांनी मान खाली घातली. ते तिथेच, उन्हात, शेणानं सारवलेल्या अंगणात उभे राहिले. मला वाटलं, आता आपण निघावं. मी त्यांच्या दंडाला हात लावणार, तेवढ्यात वच्छलाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि बसलेल्या पोत्यावरून जरा सरकल्या.

"उन्हात कायले उभे रायता," त्या म्हणाल्या. "डोया नवा हाय ना? भावजय सांगून रायली होती."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. अकोल्याचं, मोतीबिंदूचं, सगळंच.

गुणवंतराव पोत्याच्या कडेला टेकले. वच्छलाबाईंनी तुरीचा एक वाटा त्यांच्या पुढ्यात सारला. ते खडे निवडायला लागले. नवीन डोळ्यानं, अगदी सावकाश, एकेक दाणा बघत.

मी स्टँडवर गेलो. वाशिमची गाडी लागलेलीच होती. कंडक्टरनं विचारलं, "चालता का गुरुजी?"

"दोघं आहोत," मी म्हणालो. "दुसरे कामात आहेत. तुम्ही व्हा पुढे."